गाडी बदलायचं गाव

चि. मुक्ता हीस,


पोस्टिंगची बातमी तू दोन शब्दांत कळवलीस : 'मिरज मिळालं.' आणि पुढे एक रडका चेहरा. पुण्याची आशा होती. ते नाही तर निदान कोल्हापूर, जिथे रूळच संपतात आणि स्टेशन मास्तरला जरा टेकायला मिळतं असा तुझा समज आहे. त्याऐवजी चारी दिशांनी गाड्या अंगावर येणारं जंक्शन पदरात पडलं. तुझ्या आईचा लगेच फोन आला, 'आपल्याच गावाला पाठवलंय आणि कार्टी तोंड पाडून बसलीय. तूच समजाव तिला.'

समजावणं मला जमत नाही. पण तुझे आजोबा, आमचे अण्णा, याच स्टेशनाच्या ट्रान्सशिपमेंट शेडमध्ये टॅली क्लार्क होते. आमचं लहानपण शंटिंगच्या धक्क्यांवर भांडी वाजणाऱ्या रेल्वेच्या चाळीत गेलं. त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. खासगीत लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र दिवाळी अंकात. चार लोकांनी वाचलं की तुलाही वाचावं लागेल.

'जंक्शन म्हणजे नुसता ताप' ही तुझी तक्रार खरीच आहे. वर सांगली, कराड, साताऱ्यावरून पुण्याला जाणारी लाइन. पश्चिमेला जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत कोल्हापूर. खाली कुडचीला कृष्णा ओलांडून रायबाग, घटप्रभा, बेळगाव, लोंडा. आणि पूर्वेला कवठेमहांकाळ, ढालगाव, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी. त्यात कोल्हापूरच्या गाड्यांची तऱ्हा वेगळीच. पुण्याहून आलेली गाडी मिरजेत शिरते, इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट तोंडानं कोल्हापूरकडे निघते. डब्यात कुणी नवखा असला तर तो दचकून उठतोच, 'अहो, गाडी परत चालली!' मग एखादा जयसिंगपूरचा म्हातारा काही न बोलता हातानंच त्याला खाली बसवतो. हे नाटक तुला आता रोज फुकट बघायला मिळेल.

मिरजेत शिरलेल्याला सरळ पुढे जाता येत नाही, हा इथला जुना शिरस्ता. गेली सव्वाशे वर्षं इथे काही ना काही अडतं : माणूस, माल, नाही तर निदान इंजिन. गावाचं जे काही बरंवाईट झालं, त्यातलं बरंचसं या अडण्यातून झालं असं मला वाटतं. ते कसं, ते सांगतो.

ही लाइन मुळात दुष्काळानं आणली. १८७६ ते ७८ या काळात दख्खनेत आणि कर्नाटकात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. धान्य पोचवायला साधन नव्हतं हे मागाहून सरकारच्या ध्यानात आलं आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. तिचं मुख्य ठाणं धारवाडला. लाइन स्वस्तात आणि लवकर व्हायला हवी, म्हणून रुळांमधलं अंतर धरलं एक मीटर. मुंबईहून पुण्याला आलेली जीआयपीची लाइन मात्र साडेपाच फुटी. म्हणजे मुंबईचा माणूस दक्षिणेला निघाला की पुण्याला खाली उतर, पलीकडच्या फलाटावर जा आणि मीटरगेजच्या डब्यात बस, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. १८९० च्या आसपास ही लाइन पुण्यापासून मिरज, बेळगाव, लोंड्यापर्यंत सलग झाली. लोंड्याहून घाट उतरला की मुरगावचं बंदर. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानानं आपल्या खर्चानं मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत फाटा घातला आणि मिरज जंक्शन झालं. शाहू महाराजांच्या हाती कारभार आला १८९४ ला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्टेशनाजवळ शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. रूळ आले म्हणजे पेठ आपोआप येते असं नाही, ती बसवावी लागते, एवढं त्या विशीतल्या राजाला कळत होतं. कोल्हापूरचा गूळ मिरजमार्गे देशभर जाऊ लागला तो तेव्हापासून. १९०८ मध्ये कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि तिचं नाव मद्रास अँड सदर्न मराठा झालं. अण्णांच्या पिढीची माणसं शेवटपर्यंत तिला 'एमएसएम'च म्हणत, मालक तीनदा बदलले तरी.

आता चौथी बाजू, पूर्वेची. हिची गंमत काही औरच.

एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता. त्याच्या डोक्यात अडीच फुटी रुळांची रेल्वे बसली होती. त्याचा हिशोब साधा. इंजिन असो की मालडबा, एका चाकजोडीवर पाच टनांहून जास्त भार टाकायचा नाही. मग रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो, आणि खर्चही गरीब मुलखाला झेपतो. या हिशोबावर त्यानं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी लाइन चालू केली. कंपनीचं नाव बार्शी लाइट रेल्वे. पुढे ती एका टोकाला पंढरपूरला आणि दुसऱ्या टोकाला लातूरला पोचली, आणि १९२७ मध्ये पंढरपुराहून पुढे सरकत मिरजेला येऊन टेकली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरची ही रेल्वे सरकारनं १९५४ मध्ये विकत घेतली, तोवर तिचा कारभार लंडनच्या कंपनीकडे होता. या कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारायची छत्रीही तयार केली. हलक्या वजनाचा नाद माणसाला कुठवर नेईल सांगता येत नाही.

बार्शी लाइटनं मिरजेपर्यंत येऊन काय साधलं, तर पंढरीची वारी. आषाढी-कार्तिकीला डबे आतून भरले की माणसं टपावर चढायची. आता त्याचे जुने फोटो बघून लोक 'किती छान दिवस होते' म्हणतात. छान कसले, टपावर बसून ढालगावचं ऊन खाल्लेल्यांना विचारावं. माझी एक चुलत आजी वारीहून परत आली की आठवडाभर तिच्या डोळ्यांतून कोळशाची कणी काढायचं काम चाले.

आणि आता अण्णांची शेड. तू मोठी झालीस तोवर ती इतिहासजमा झाली होती, म्हणून नीट सांगतो.

लांबच लांब धक्का. एका अंगाला अडीच फुटी नॅरोगेजचा रूळ, दुसऱ्या अंगाला मोठा रूळ. दोन्हीकडे वाघिणी लावायच्या, दारं समोरासमोर आणायची, आणि इकडचा माल तिकडे. एवढंच काम, पण दिवसरात्र. बार्शी-लातूरकडून तूर, ज्वारी, शेंगा यायच्या. इकडून गूळ, मीठ, तांदूळ, लाकूड जायचं. गुळाचा रवा तीस किलोचा. हमाल तो खांद्यावर घ्यायचा तेव्हा खांद्यावर गोणपाटाची घडी असायची आणि पोत्यांसाठी कमरेला लोखंडी आकडा. उन्हाळ्यात गूळ पाझरायचा. पाठीवर गूळ, त्यावर धूळ, त्यावर माश्या. नॅरोगेजची वाघीण बुटकी, तिच्या दारातून पोतं घेऊन निघताना मान तिरकी करावी लागे. जुन्या हमालांची मान घरीदारीही तशीच असायची. एका मोठ्या वाघिणीत छोट्या कितीतरी रित्या व्हायच्या, त्यामुळे मोजदाद हाच अण्णांचा धर्म. दर नगाला खडूची रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी. सील तुटलेलं असलं तर शेरा, पोतं फाटलेलं असलं तर शेरा, नग कमी भरला तर दोन्ही बाजूंच्या बाबूंची भांडणं आणि पुढे व्यापाऱ्याचा दावा. अण्णा घरी आले की त्यांच्या बोटांवरचा खडू आई आधी धुवायला लावायची, मग ताट.

हिशोबनीसाच्या नजरेनं बघितलं तर हे सगळं नुकसान होतं. माल एकदा भरायचा तो दोनदा भरा, फूटतूट सोसा, वाघिणी अडकवून ठेवा. रेल्वेच्या पुस्तकात त्याला दुसरं नावच नाही. पण मिरजेच्या पुस्तकात तीच रक्कम जमेच्या बाजूला होती. त्या धक्क्यावर शेकडो घरांच्या चुली पेटत होत्या. हमालांबरोबर चहावाले आले, खाणावळी आल्या, धर्मशाळा आल्या, भाड्यानं वळकटी देणारे आले. स्टेशन रोड म्हणतात तो या सगळ्याचा मिळून झाला.

मग १९७१ च्या सुमाराला पुणे-कोल्हापूर लाइन ब्रॉडगेज झाली, आणि पुण्याचं जुनं दुखणं उचलून मिरजेत आणून ठेवल्यासारखं झालं. मुंबईची मोठी गाडी आता थेट कोल्हापूरपर्यंत. पण बेळगाव, हुबळी, गोवा, बंगळूर अजून मीटरगेजवरच. म्हणजे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकानं मिरजेला उतरायचं. नॅरोगेज होतीच. एकाच आवारात साडेपाच फुटी, एक मीटर आणि अडीच फुटी, अशी तिन्ही मापं. विसाहून जास्त वर्षं हे चाललं, आणि माझ्या मते मिरज जंक्शनची खरी भरभराट तीच. रेल्वेचे शौकीन कॅमेरे घेऊन लांबून यायचे, आम्हाला त्याचं हसू यायचं. रोज दारात उभ्या असलेल्या म्हशीचा कुणी फोटो काढावा तसं वाटायचं.

पहाटे मुंबईची गाडी लागली की जो गलका व्हायचा तो आठवला तरी मला अजून जाग येते. गाडी पुरती थांबायच्या आधी माणसं उड्या टाकायची. कारण पलीकडे मीटरगेजची गाडी उभी, डबे कमी, माणसं जास्त. खिडकीतून रुमाल टाक, टोपी टाक, वेळ पडली तर पोरगं आत टाक आणि जागा धर. गोव्याची माणसं कोकणीत ओरडायची, बेळगाव-हुबळीची कन्नडमध्ये, टीसी दोघांना हिंदीत आणि हमाल तिघांना मराठीत. पाचव्या-सहाव्या यत्तेतल्या आम्हा पोरांना 'लवकर ये' कानडीत कसं म्हणतात ते शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. फलाटावर 'बेग बा, बेग बा' ऐकून ऐकून येतच होतं. ज्यांची पुढची गाडी चुकायची ती दिवसभर गावात फिरायची. कुणी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन यायचं, कुणी तंतुवाद्यांच्या गल्लीत.

या गल्लीबद्दल एक सांगून ठेवतो, कारण तुला बाहेरचे लोक हटकून विचारतील. रेल्वेनं मिरजेला गाणं दिलं असं बोलणारे भेटतात. थापा आहेत. सतारी आणि तंबोरे इथे रेल्वेच्या कितीतरी आधीपासून होतायत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात ही विद्या हातात घेतली आणि त्यांच्या वंशजांनी ती आजवर सांभाळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच परंपरेला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला असलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुसकर शिकले, तेही याच गावात.

रेल्वेनं केलं ते एवढंच, की या गावाला धारवाड आणि पुण्याच्या मधोमध आणून बसवलं. पण ते 'एवढंच' फार मोठं आहे. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडचे, त्यांचं सुरुवातीचं शिक्षण मिरजेत नीलकंठबुवा अलूरमठ यांच्याकडे. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या किराण्याचे. बडोदा, मुंबई, पुणे, धारवाड, म्हैसूर असं आयुष्यभर हिंडले आणि घर केलं ते मिरजेत. यातल्या बऱ्याच गावांना जोडणारी वाट म्हणजे तुझी ही लाइन. खाँसाहेबांचा शेवट मात्र तुझ्या खात्यातल्या माणसानं लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागलं, म्हणून चिंगलपेटच्या अलीकडे सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्याशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा जुळवून घेतला, देवाचं नाव घेत दरबारी गाइली आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. दरवर्षी उरसात तिथे गाणं होतं आणि मोठमोठे कलावंत पैशाची बात न करता गाऊन जातात. त्या लहानशा स्टेशनावर त्या रात्री कुणी मास्तर ड्यूटीवर असेल. त्यानं काय केलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. रात्री-अपरात्री कुणी दुखणाईत फलाटावर उतरला तर पहिला माणूस तूच असणार आहेस.

दुखणाइतांवरून आठवलं. मिरजेला उतरणाऱ्यांत गाडी बदलणाऱ्यांच्या खालोखाल गर्दी असायची ती आजाऱ्यांची. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे मिशनरी डॉक्टर. त्यांनी १८९४ मध्ये इथे इस्पितळ उघडलं, म्हणजे जंक्शन होऊन तीनच वर्षं झाली होती. पुढे डॉक्टर तयार करायची शाळा काढली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. जंक्शन नसतं तर कर्नाटकातला मोतीबिंदूचा म्हातारा आणि माणदेशातली अडलेली बाई एकाच व्हरांड्यात येऊन बसली नसती. आजही गावात पाटी दिसेल ती डॉक्टरची. तुला फलाटावर कुबड्या, प्लास्टर, काखेत एक्स-रेचा मोठा लिफाफा असली माणसं रोज दिसतील. त्यांच्यासाठी गाडी अर्धं मिनिट जास्त थांबली तर गार्डनं कुरकुर करू नये, आणि तूही नको.

लाइनीवरच्या बाकीच्या गोष्टी लिहायला बसलो तर अंक संपेल. कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर नांगराचा कारखाना घेऊन आले, त्याची किर्लोस्करवाडी झाली. पुढे शेणोली लागतं. तिथे जून १९४३ मध्ये नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या तुफान सेनेनं रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगार घेऊन जाणारी गाडी अडवून लुटली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ त्यात होते. आमच्या चाळीत या गोष्टीवर दोन तट असत. एक तट म्हणे, देशासाठी झालं, बरं झालं. दुसरा म्हणे, हो, पण पगार आपलाच होता ना! कोल्हापूरच्या वाटेवर वळिवडे आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेली हजारो पोलिश माणसं पाच वर्षं राहिली, बहुतेक बायका-पोरंच. वळिवड्याला रेल्वेनं जायचं तर मिरजेवाचून वाट नाही. सैबेरियातून निघालेली ती पोरं इथल्या फलाटावर खिडकीतून बघत थांबली असतील. त्यांनी इथला चहा प्यायला की नाही ते तेवढं कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

आता जे झालं ते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला बेळगाव-लोंड्याची मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली आणि मुंबईहून गोव्याला जाणारा माणूस मिरज विसरला. नॅरोगेज तुकड्या-तुकड्यानं बंद होत गेली. कुर्डुवाडी-पंढरपूरचा तुकडा आधी बदलला, लातूरकडचा मग, आणि शेवटी पंढरपूर-मिरज. २०११ पर्यंत सगळीकडे एकच माप. शेड ओस पडली. हमालांची पोरं रिक्षा चालवू लागली, काही मोलमजुरीला गेली. चहावाल्यांनी पाट्या उतरवल्या. मला वाईट वाटलं हे खरं. अण्णा तोवर हयात होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, 'बरं झालं. माणसाच्या मानेवरचं ओझं उतरलं.' त्यांनी त्या तिरक्या माना रोज मोजलेल्या होत्या. त्यांच्यापुढे माझ्या हळहळीची काय मातब्बरी?

आणि अण्णांचंच बरोबर होतं हे २०१६ च्या एप्रिलात दिसलं. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मांजरा धरण आटलं. पाण्याच्या टाक्यांजवळ मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. तेव्हा ठरलं की कृष्णेचं पाणी मिरजेहून रेल्वेनं न्यायचं. राजस्थानात कोट्याला टाकीच्या वाघिणी वाफेनं धुऊन मिरजेला आणल्या. स्टेशनाजवळ हैदरखान विहीर आहे, आदिलशाहीतली. वाफेच्या इंजिनांना एके काळी तिचं पाणी जायचं, मग तिचं कुणाला काही राहिलं नव्हतं. गाड्या भरायला तिचा गाळ काढला, पंप बसवले. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूर इथून ३४२ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर, आणि पाऊस येऊन सावरेपर्यंत ती जातच राहिली.

आता तू हिशोबात पक्की, म्हणून विचारतो. ती टाकीची एक वाघीण पन्नास हजार लिटर घेते. म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन पन्नास टन. कॅलथ्रॉपच्या रुळावर चार चाकजोड्यांच्या डब्याचं, डबा धरून, वीस टनांपुढे वजन नेता येत नव्हतं. मग नॅरोगेज असती तर लातूरला पाणी किती दिवसांनी आणि किती पोचलं असतं? बार्शी लाइटच्या आठवणी काढून उसासे टाकणारा कुणी तुझ्या ऑफिसात आला, की त्याला हे गणित घाल. मीही त्यातलाच एक आहे, मला घातलंस तरी चालेल. दुष्काळासाठी म्हणून ज्या गावाला लाइन आली, त्यानं दुष्काळात पाणी पाठवायला सव्वाशे वर्षं घेतली. मधली सगळी वर्षं ते मापं जुळायची वाट बघत होतं म्हण.

तुझं काम अण्णांच्या काळातल्या मास्तरांपेक्षा हलकं आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. त्यांच्याकडे टोकनचा गोळा होता. लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत, पिशवीला वेताचं कडं. तो यंत्रातून निघाल्याशिवाय ड्रायव्हर स्टेशन सोडत नसे, आणि एक गोळा बाहेर असला की दुसरा निघत नसे, त्यामुळे दोन गाड्या एका रुळावर समोरासमोर येणं अशक्य. न थांबणारी गाडी आली की पॉइंट्समन कडं उंच धरून उभा राहायचा आणि इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते कोपरात अडकवून घ्यायचा. अंदाज चुकला तर खांदा निखळायचा. तुझ्यापुढे पॅनेल आहे, लाल-हिरवे दिवे आहेत, डोक्यावर विजेची तार आली, लाइन दुहेरी होतेय, आता वंदे भारतही जाते. खांदा तुझा निखळणार नाही. पण त्या इंजिनातल्या माणसाला फक्त आपली एक गाडी सांभाळायची होती. तुला चार दिशांच्या गाड्या, कोल्हापूरचं इंजिन या टोकाचं त्या टोकाला, मालगाडीला लूप, आणि कंट्रोलरचा फोन, हे एकदम.

काही कामाच्या गोष्टी. पावसाळ्यात कृष्णा चढली की अंकलीच्या पुलाकडे आणि कुडचीकडे सारखं लक्ष ठेवावं लागतं, तुझ्या आधीच्यांकडून २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या नोंदी मागून वाचून काढ. आषाढीच्या जादा गाड्यांना पंढरपूरकडची माणसं अजूनही गाडी यायच्या कितीतरी आधी येऊन फलाटावर झोपतात, त्यांना हुसकू नकोस, त्यांची ती पद्धत आहे. यार्डात जुन्या शेडच्या बाजूला गेलीस तर साप असतात, बूट घालून जा. हैदरखान विहीर बघून ये. आणि उरसाच्या रात्री गाणं ऐकायचं असेल तर रजेचा अर्ज आधीच टाक, कारण त्या दिवशी स्टेशनात सगळ्यांनाच रजा हवी असते आणि नव्या माणसाला कुणी विचारत नाही. उरसाची तारीख दरवर्षी मागे सरकते, आत्ताच विचारून ठेव.

क्वार्टर मिळेपर्यंत आपल्या घरी राहा. किल्ली शेजारी ठेवली आहे. नळाला पाणी सकाळीच येतं, तेवढ्या वेळात भरून घ्यायचं, नाईट ड्यूटी असेल त्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगून जा. लिंबाचं लोणचं पाठवतोय, पार्सलनं नको म्हणून तुझ्या आईबरोबर. ती पहिल्या आठवड्यात येणारच आहे, तू नको म्हणालीस तरी. तिला सोडायला फलाटावर जाशील तेव्हा युनिफॉर्ममध्ये जा. फोटो काढून मला पाठव, आणि या वेळी खाली दोन ओळी लिही.

तुझा,
मामा